उलटे शॉट

माझी बायको रेणूंना प्रश्न विचारते आणि त्यांनी दिलेली उत्तरं मोजते. गंमत म्हणून नाही सांगत, तिचा धंदाच तो आहे. मी आपला चष्मेवाला. दुकानात गिऱ्हाईक काच बसवून होईपर्यंत गप्पा मारतं आणि विचारतं, "वहिनी काय करतात?" मी म्हणतो, "संशोधन." आणि पटकन विषय फ्रेमवर आणतो. पूर्ण उत्तर द्यायला गेलो तर माणूस चष्मा न घेताच पळून जायचा. 'पुंज-उष्मागतिकी' हा शब्द न अडखळता म्हणायला मला लग्नानंतर बरीच वर्षं लागली, आणि म्हणता आला त्या दिवशी मी स्वतःवरच खूश होऊन दुकान लवकर बंद केलं होतं. आमची आई त्या भानगडीत पडतच नाही. सून दारात आली की ती आतून ओरडते, "आलीस का गं प्रकाश विझवून?"

तसं ते बरोबरच आहे म्हणा. हिची खोली एका मोठ्या इमारतीच्या तळघरात आहे, खिडकी नसलेली. मधोमध एक अवाढव्य लोखंडी टेबल, हवेवर तोललेलं, म्हणजे रस्त्यावरून ट्रक गेला तरी हलत नाही. त्यावर बटणाएवढे आरसे आणि भिंगं दाटीवाटीनं उभी. चारी बाजूंनी काळे पडदे. दारात चिकट पायपुसणं, बुटांची धूळ आत जाऊ नये म्हणून. दारावर लाल दिवा. तो लागला की समजायचं, आत लेझर चालू आहे. पहिल्यांदा मी तिथं गेलो आणि नेमका शिंकलो. त्या शिंकेवरून हिनं मला जे सुनावलं, तेवढं लग्नात माझ्या मामानं गोंधळ घातला तेव्हाही सुनावलं नव्हतं.

आत जाताना हातातली अंगठी आणि घड्याळ काढायचं, हा तिथला नियम. लेझरची तिरीप चकचकीत वस्तूवर पडून कुणाच्या डोळ्यात गेली तर डोळा गेलाच समजा. ही आपली अंगठी माझ्या दुकानातल्या चष्म्याच्या डबीत ठेवते. जुनी हिरवी डबी आहे, बिजागरी ढिली झालेली. नवी देतो म्हटलं तर नको म्हणते.

आता सरांबद्दल सांगायला हवं. सर म्हणजे हिचे वरिष्ठ. हिला तिथं सगळे 'बाई' म्हणतात आणि त्यांना 'सर'. बारीक अंगाचे, काळी जाड फ्रेम, नाकावर राग. त्यांचा चष्मा आमच्याकडेच व्हायचा, त्यामुळे मी त्यांना जवळून ओळखून होतो, आणि खरं सांगायचं तर मला तो माणूस डोक्यात जायचा. कौतुकाचा एक शब्द कधी तोंडातून निघेल तर शपथ. सुट्टीच्या दिवशी फोन. कामात खोट निघाली की सगळ्यांसमोर, "बाई, आरसा हललाय की तुमचं लक्ष?" ही घरी येऊन मला सांगायची आणि मी पेटायचो. म्हणायचो, "एकदा जाऊन बोलतोच मी त्या खडूसाशी." ही म्हणायची, "तुला नाही कळायचं."

न कळण्यासारखं काय होतं, तेही सांगतो. हिचा लेझर चालू केल्यावर तापायला तासाच्या वर वेळ घेतो. तोवर त्याचा झोत थरथरत असतो, त्याचं काही खरं नसतं. हे तापवण्याचं काम सगळ्यात खालच्या माणसाचं. तेव्हा ही सगळ्यात खालची होती. सगळ्यांच्या आधी पोचायचं, बटण दाबायचं आणि रेडिओसारखा गुणगुणत तो तापेपर्यंत बसून राहायचं. अशात आमची लेक जन्मली, वेळेआधी, तळहातावर मावेल एवढी. रात्रभर जागरण, सकाळी तिला तासतासभर थेंबाथेंबानं पाजायचं. हिनं ठरवलं, नोकरी सोडायची. सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "हं." बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ही राजीनामा द्यायला म्हणून उशिरानं गेली, तर दारावर लाल दिवा लागलेला. आत लेझर तापून तयार, आणि सर खुर्चीत पेपर वाचत बसलेले. वर न बघता म्हणाले, "दार लावा, हवा आत येते." तेवढं सोडून एक शब्द नाही. लेक बाळसं धरेपर्यंत रोज सकाळी त्या इमारतीतला सगळ्यात मोठा माणूस सगळ्यात लहान माणसाचं काम करत होता. मग एक दिवस दिवा लागलेला नव्हता. ही समजली, आणि दुसऱ्या दिवसापासून लवकर जायला लागली.

हे मला सांगताना हिची पोळी तव्यावर करपली होती. मी म्हणालो, "एवढं काय त्यात! बटण दाबायचं तर असतं." त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, बायका हळव्या असतात. आईनं मला भांडी घासायला लावली.

वर्षं गेली. लेक शिकायला बाहेरगावी गेली, सर निवृत्तीला आले. आणि त्याच सुमाराला त्यांच्या हाती मोठं घबाड लागलं.

मला हिनं जेवणाच्या टेबलावर जसं समजावलं तसंच सांगतो. रेणू म्हणजे जिन्यावर उभा असलेला माणूस समजा. कधी खालच्या पायरीवर, कधी चुकूनमाकून वरच्या, आजूबाजूच्या उबेनं ढकलला गेलेला. आधी त्याला विचारायचं, कुठं आहेस? मग लेझरचा एक झटका द्यायचा. मग पुन्हा विचारायचं, आता कुठं? या एका फेरीला त्यांच्याकडे 'शॉट' म्हणतात. रेणू वर चढला, तर प्रकाशानं त्याच्यावर काम केलं, म्हणजे त्याला ऊर्जा दिली. पण कधीकधी वर असलेला रेणू झटक्यासरशी खाली उतरतो आणि आपल्याजवळची ऊर्जा प्रकाशालाच देऊन टाकतो. तो उलटा शॉट. शंभरात तीन-चार. असे शॉट हजारो वेळा घ्यायचे, प्रत्येकाला ठरलेलं वजन द्यायचं आणि सरासरी काढायची. चढलेल्याचं वजन अगदी हलकं, उतरलेल्याचं भारी. झटका कसाही द्या, हळू द्या, जोरात द्या, ती सरासरी एक यायला हवी, असा नियम आहे.

"आणि तुमची?" मी विचारलं.

"पाऊण."

"पाऊण म्हणजे जवळच आहे की."

"अरे, पाऊण आली तर तो नियम मोडला!" ती एवढ्या मोठ्यांदा म्हणाली की आईनं आतून विचारलं, काय मोडलं म्हणून.

नियम मोडणारा रेणू! त्यांनी पुन्हा मोजलं, पाऊण. महिनाभरानं मोजलं, पाऊण. सरांच्या निरोपाच्या समारंभात सरांनीच हे जाहीर करायचं, असं ठरलं. बाहेरून मोठी माणसं यायची होती. जन्मभर रेणूंच्या प्रकाशातल्या रेघा मोजण्यात घालवलेल्या माणसाला जाता जाता असलं काही सापडावं! सर दुकानात आले आणि चक्क हसले. "चष्मेवाले, नवीन करा. भाषण वाचायचंय." काळ्या जाड फ्रेमशिवाय कशाला हात न लावलेला तो माणूस सोनेरी काडीची फ्रेम घालून आरशात डावीउजवीकडे वळून बघत होता. त्यांचा नंबर बराच वाढला होता. तेवढ्यापुरते मला ते बरे वाटले.

ही मात्र गप्प होत चालली. सरांच्या भाषणासाठी आकृत्या करायचं काम हिच्याकडे होतं. हिला वाटलं, तुलनेसाठी शेजारी एक साधा रेणू दाखवू, ज्याच्या बाबतीत हा नियम पाळला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याची एक, आपल्या रेणूची पाऊण, म्हणजे बघणाऱ्याला फरक लगेच दिसेल. तिनं त्या साध्या रेणूचे शॉट घेतले. त्याचीही सरासरी एकाहून कमीच आली.

"म्हणजे तोही मोडतो?" मी म्हणालो. "दोन दोन सापडले, पेढे—" आणि तिचा चेहरा बघून जीभ चावली.

"म्हणजे खोट रेणूत नाही," ती म्हणाली, "आमच्यात आहे. कुठं आहे ते सापडत नाहीये."

शनिवारी ती दुकानात येऊन बसली होती, नुसतीच, काउंटरच्या आत, गुडघ्यावर हात ठेवून. मी एका गिऱ्हाइकाचा नंबर काढत होतो. एक भिंग लावलं, विचारलं, आता कसं? म्हणाला, चांगलं. दुसरं लावलं, म्हणाला, आणखी चांगलं. तिसरं लावलं, त्याच्यानं तर अगदी स्वच्छ दिसायला हवं, आणि हा म्हणाला, "छे, हे पुसट." मी म्हणालो, "ते सोडा, ते मी धरत नाही. डोळे मिटा, पुन्हा बघा."

ही ताडकन उठली. "का नाही धरलंस?"

"काय?"

"त्याचं उत्तर. का सोडून दिलंस?"

"अगं, उलटं सांगत होता. दमला की माणूस उलटं सांगतो. नेहमीचंच आहे ते."

ती मटकन खाली बसली. गिऱ्हाईक घाबरून डोळे मिटायचं विसरलं. मी पाणी आणलं, तेही तिनं घेतलं नाही. म्हणाली, "आम्हीपण धरत नाही."

झालं होतं असं. सरांच्या तरुणपणापासून त्या खोलीत एक रीत होती, 'उलटा शॉट टाका.' लेझर नीट तापलेला नसला की पहिलं उत्तर चुकीचं यायचं आणि रेणू वरून खाली आल्याचा भास व्हायचा. तेव्हा त्यांना फक्त रेणूंच्या रेघा कुठं पडतात तेवढंच बघायचं असायचं. शंभरातले तीन-चार टाकले काय, ठेवले काय, रेघ जागची हलत नसे. ही नवी लागली तेव्हा सरांनी ती रीत हिच्याकडूनच कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये घालून घेतली होती. एक चाळणी. त्यातून उलटे शॉट आपोआप गळून जायचे, आणि गेले ते गेलेच, कुठं साठवलेही जायचे नाहीत. पुढं प्रश्न बदलला, रेघांवरून कामावर आणि उष्णतेवर आला. चाळणी तशीच राहिली. आणि या नव्या हिशेबात भारी वजन नेमकं त्या तीन-चारांचं! तेच केरात टाकून हे लोक सरासरी कमी येते म्हणून आनंदानं नाचत होते.

तिनं चाळणी काढून फक्त साधा रेणू मोजून बघितला. एक आली. नियम मोडणाऱ्या रेणूकडे ती गेलीच नाही. सरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही म्हणाली.

मी तिला सांगितलं, आणि मला अजूनही वाटतं मी काही वावगं सांगितलं नाही, "गप्प बस. भाषण होऊ दे, हारतुरे होऊ देत. नंतर हळूच सांग."

"आणि समोर बसलेली माणसं घरी जाऊन तेच करून बघतील तेव्हा? सर घरात एकटे बसलेले असतील आणि बाहेर लोक हसतील."

"म्हणून तू त्यांचा समारंभ नासवणार?"

"मला काय हौस आहे का!" ती किंचाळली. कधी आवाज न चढवणारी बाई. "माझं पोर ज्यांच्यामुळे माझ्या हातून वाढलं, त्यांना मी जाऊन सांगायचं, की सर, तुमच्याकडे काहीच नाहीये?"

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "सांग गं बाई, सांगून टाक. फक्त आधी चहा पाज त्यांना." दुसऱ्या दिवशी ही खरंच थर्मास घेऊन गेली.

चहा तसाच परत आला. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, "ती रीत माझी आहे. चाळीस वर्षं चालली." थर्मास बाजूला सारून म्हणाले, "निरोपाचा आहेर छान दिलात, बाई." आणि उठून वर आपल्या खोलीत निघून गेले.

ही घरी येऊन रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं दोरीवरचे सगळे कपडे काढले, घड्या घातल्या, मग त्याच घड्या मोडून पुन्हा घातल्या. सर नंतर तळघरात फिरकलेच नाहीत. जिन्यात समोरासमोर आले तर ते भिंतीकडे बघायचे. ही रोजच्यासारखी सगळ्यांआधी जायची, लेझर तापवायची आणि तापलेल्या लेझरशेजारी नुसती बसून राहायची. समारंभाच्या पत्रिकेत 'नियम मोडणारा रेणू' तसाच छापून आला. मला वाटलं, म्हातारा हे रेटून नेणार आणि उद्या बिंग फुटलं की हिच्या डोक्यावर फोडणार. चाळणी लिहिणारा हात हिचाच होता ना!

सोनेरी फ्रेम तयार होऊन पडली होती. न्यायला कुणी येईना. माझं डोकं तापलंच होतं. एके सकाळी मी हिला म्हणालो, "चल, आज मी सोडतो तुला. त्यांचा चष्मा देतो आणि दोन शब्दही देतो." तिनं नको नको म्हणत शेवटी हात टेकले. त्या गडबडीत तिची हिरवी डबी घरीच राहिली. वाटेत मी सगळं भाषण मनात जुळवलं. वीस वर्षांचं साचलेलं, त्याला कुठं तोटा होता! सुट्टीचे फोन, सगळ्यांसमोरचे टोमणे, एकूण एक ओळीनं.

तळघराचा जिना उतरलो. इमारतीत अजून झाडूवालासुद्धा आला नव्हता. पॅसेज अंधारा होता आणि त्या अंधाराच्या टोकाला लाल दिवा लागलेला होता.

ही जागच्या जागी थांबली. मी म्हणालो, "रात्री बंद करायला विसरलीस काय?" तिनं दार ढकललं. आत लेझर गुणगुणत होता, तापून तयार. सर तिच्या खुर्चीत बसले होते, जुना चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला टेकेल इतकं पुढं वाकून.

"दार लावा," ते वर न बघता म्हणाले, "हवा आत येते."

मी दार लावलं. हिचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"चाळणी काढून टाकलीय मी," सर म्हणाले. "निदान काढली असं वाटतंय. मला स्क्रीनवरचं धड दिसत नाही, तेव्हा तुम्ही एकदा तपासा. मग आपला रेणू पहिल्यापासून मोजू. सगळे शॉट धरायचे. उलटेसुद्धा." मग त्यांनी खुर्ची वळवली. "उभ्या काय राहिलात, बाई? जे येईल ते मी सांगेन समारंभात. रीत माझी होती, तेव्हा सांगणारही मीच."

हिनं बोटातली अंगठी काढली, डबी शोधली, नाही सापडली. तशीच माझ्या तळहातावर ठेवली आणि टेबलाकडे गेली.

माझं भाषण कुठं गेलं कोण जाणे. मी खिशातून चष्मा काढला, त्यांच्या डोळ्यांवर चढवला, कानामागं काड्या नीट बसल्या की नाही ते बघितलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "हं."

मी बाहेर पॅसेजमध्ये बाकावर बसलो. दुकान उघडायचं होतं, पण पाय निघेना. झाडूवाला आला, मला पाय वर घ्यायला लावून गेला. माणसं आली, दारं वाजली, कुणीतरी विचारलं, कोण हवंय? मी म्हणालो, कुणी नाही. अंगठी मुठीत धरून मी त्या लाल दिव्याकडे बघत होतो. हा माणूस आज घरून किती वाजता निघाला असेल? या वयात, एवढ्या डोळ्यांनी, त्या अंधाऱ्या जिन्यातून कसा उतरला असेल? आणि तेव्हा, लेक लहान असताना, रोज?

दुपार व्हायला आली तेव्हा ही बाहेर आली.

"एक आली," ती म्हणाली.

"बरोब्बर एक?"

"काठावर जरा इकडं तिकडं. पण एकच."

"म्हणजे रेणू काही मोडत नाही?"

"काही नाही. साधासुधा रेणू आहे." आणि ती हसली, इतक्या दिवसांनी.

"आणि सर?"

"आत आहेत. नवा चष्मा सारखा पुसतायत."

मी बाकावर सरकून तिला जागा दिली. ती बसली. मला जे विचारायचं होतं ते नीट विचारता येईना. मी एवढंच म्हणालो, "फार लवकर आले असतील गं आज ते. तापायलाच तासाच्या वर लागतो."

तिनं माझ्याकडे बघितलं.

"एवढं काय त्यात," ती म्हणाली. "बटण दाबायचं तर असतं."

तिनं हात पुढं केला, आणि मी मूठ उघडून अंगठी तिच्या बोटात घातली.